कोळ्याचा धागा आणि चार पटींची नजर

शिकारसाहित्याविषयी लिहिताना समीक्षक जंगल, जनावर आणि शिकारी या तिघांपाशी थांबतात. बंदूक आलीच तर ती पराक्रमाची किंवा साम्राज्याची खूण म्हणून येते. बंदुकीवर नेम धरण्याचे जे साधन असते, त्याकडे सहसा कोणी वळत नाही. वस्तुतः शिकारकथेतील सगळा ताण नेमाच्या क्षणी एकवटलेला असतो, आणि त्या क्षणी शिकाऱ्याला काय दिसते हे त्या साधनावर ठरते. म्हणून बंदुकीच्या दुर्बिणीचा, आणि त्यातही तीन ते नऊ पटींच्या मध्यम शक्तीच्या दुर्बिणीचा, इतिहास साहित्याच्या अभ्यासकांसमोर ठेवावा असे आम्हांस वाटले. विषय रुक्ष वाटेल, पण त्यात माणसांच्या आणि जनावरांच्या जिवाचा प्रश्न गुंतलेला आहे.

तो कसा, हे जिम कॉर्बेटच्याच लेखनात सापडते. १९०७ साली त्याने चंपावतची वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ बळी नोंदले गेले होते. मेल्यावर तपासले तेव्हा तिच्या उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले आढळले, आणि ते कोणाच्या तरी जुन्या गोळीने तुटले होते. नैसर्गिक भक्ष्य मारता येईना म्हणून ती माणसांकडे वळली, असे कॉर्बेटचे म्हणणे. वाघ नरभक्षक का होतो याची जी कारणे तो १९४४ सालच्या 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ'मध्ये देतो, त्यांत साळिंदराच्या काट्यांबरोबर चुकलेल्या गोळीला मोठे स्थान आहे. म्हणजे कुणा अनामिक शिकाऱ्याचा नेम काही इंचांनी ढळला आणि त्याची किंमत नेपाळ व कुमाऊँमधल्या गवत कापणाऱ्या, लाकूडफाटा गोळा करणाऱ्या बायकांनी मोजली. खुद्द कॉर्बेटचा या वाघिणीवरचा शेवटचा बारही तहसीलदाराकडून घेतलेल्या जुनाट बंदुकीचा होता. वीस फुटांवरून त्याने तिच्या उघड्या जबड्यावर नेम धरला आणि गोळी लागली तिच्या पंजाला. वाघीण आधीच्या गोळ्यांनी मरणपंथाला लागली होती, म्हणून ही कथा सांगायला लेखक उरला.

आता मूळ विषयाकडे वळू. उघड्या नेमात डोळ्याला तीन गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात: मागची खाच, पुढची माशी आणि सावज. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी स्पष्ट दिसणे मानवी डोळ्याला शक्य नाही. माशी स्पष्ट केली की सावज धूसर होते. तरुण डोळा हे चटकन सांभाळून नेतो, चाळिशी उलटलेला डोळा हार मानतो. दुर्बीण मोठे करून दाखवते हा तिचा गुण सर्वांच्या डोळ्यांत भरतो. पण ती सावज आणि नेमाची खूण एकाच प्रतलात आणून ठेवते, हा तिचा खरा गुण आहे. मोठे दिसणे हा त्यामानाने दुय्यम लाभ होय.

हा शोध शिकाऱ्याचा नव्हे, ज्योतिष्याचा. गॅलिलिओच्या दुर्बिणीत डोळ्याकडचे भिंग अंतर्गोल होते, त्यामुळे नळीच्या आत प्रतिमा कोठेही तयार होत नसे. केपलरने १६११ साली दोन्ही भिंगे बहिर्गोल असलेल्या दुर्बिणीची कल्पना मांडली. तिच्यात प्रतिमा उलटी दिसते, पण ती नळीच्या आत एका जागी खरोखर तयार होते. यॉर्कशायरच्या विल्यम गॅस्कॉइन या तरुणाच्या दुर्बिणीत १६४०च्या सुमारास नेमक्या त्या जागी कोळ्याने धागा ताणला. दूरचा आकाशस्थ गोल आणि जवळचा तो तंतू दोन्ही सारखेच रेखीव दिसत आहेत हे गॅस्कॉइनने ओळखले आणि त्यातून मोजमापाचे साधन घडवले. आज ज्याला आपण क्रॉसहेअर म्हणतो, त्या फुलीची ही जन्मकथा. गॅस्कॉइन १६४४ साली मार्स्टन मूरच्या लढाईत मारला गेला. पुढे कित्येक पिढ्या बंदुकीच्या दुर्बिणींतही खरोखरीच कोळ्याचा धागा वापरला जात असे. शंभर हातांवरचा प्राणी आणि कोळ्याचा तंतू एका ठिकाणी भेटावेत, ही कल्पना एखाद्या कवीने रचली असती तर आपण तिला ओढूनताणून आणलेली म्हटले असते!

बंदुकीवर दुर्बीण चढायला त्यानंतर दोनशे वर्षे लागली. जॉन चॅपमनने १८४४ साली अमेरिकन रायफलीवरील आपल्या पुस्तकात अशा दुर्बिणीचे वर्णन केले. ती यूटिकाच्या मॉर्गन जेम्सने बनवली होती. १८५५ पासून सिरॅक्यूजच्या विल्यम माल्कमने रंगदोष टाळणारी भिंगे वापरून ती सुधारली. या दुर्बिणी बंदुकीच्या नळीइतक्या लांब असत. याच काळातले एक नाव मराठी वाचकाने लक्षात ठेवावे: डेव्हिड डेव्हिडसन. हा मुंबई इलाख्याच्या सैन्यातला अधिकारी. हिंदुस्थानात असतानाच त्याने शिकारीच्या बंदुकीला दुर्बीण लावण्याचे प्रयोग केले होते. पुढे १८६२ साली त्याने आपल्या दुर्बिणीचे पेटंट घेतले आणि ती अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या नेमबाजांच्या व्हिटवर्थ रायफलींवर, डाव्या अंगाला बसवलेली, दिसू लागली. साम्राज्याच्या शिकारीतून युद्धाकडे जाणारी ही वाट नंतर पुनःपुन्हा तुडवली गेली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा व्यवसाय ऑस्ट्रिया-जर्मनीकडे गेला. कार्ल रॉबर्ट काह्लेसने १८९८ साली व्हिएन्नात कारखाना काढला आणि येनाच्या त्साइसने १९०४ पासून शिकारी दुर्बिणी बनवल्या. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी जर्मन शिकाऱ्यांच्या दुर्बिणी लावलेल्या रायफली गोळा करून खंदकांत पाठवल्या गेल्या, तेव्हा इंग्रजांची भंबेरी उडाली. त्यांच्यापाशी धड काचही नव्हती. काही काळ त्यांनी पुढे एक आणि मागे एक अशी सुटी भिंगे लावून काम भागवले. ही रचना गॅलिलिओच्या दुर्बिणीची होती, म्हणजे तीनशे वर्षे मागे जाणे होते. ब्रिटिश नेमबाजांचे शिक्षण ज्याने मार्गी लावले तो हेस्केथ-प्रिचर्ड हा शिकारी, क्रिकेटपटू आणि कादंबरीकार. त्याचे 'स्नायपिंग इन फ्रान्स' (१९२०) हे पुस्तक युद्धसाहित्य म्हणून वाचण्यासारखे आहे. निरीक्षण हे मारण्याहून अवघड काम आहे, ही त्याची भूमिका त्याच्या रहस्यकथांतही दिसते.

कॉर्बेटने मग दुर्बीण का वापरली नाही? चंपावतनंतर सर जॉन ह्यूइट यांनी भेट दिलेली त्याची .२७५ रिग्बी उघड्या नेमाची होती. याचे श्रेय त्याच्या धाडसाला देण्याची प्रथा आहे. आम्हांस ते अर्धसत्य वाटते. त्या काळच्या भिंगांवर आवरण नसे. काच आणि हवा भेटतात त्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. असे दहा पृष्ठभाग असले की डोळ्यापर्यंत जेमतेम दोन तृतीयांश प्रकाश पोहोचतो. नरभक्षकाची गाठ पडायची ती तिन्हीसांजेला किंवा रात्री, आणि तीही काही पावलांवर. अशा वेळी त्या दुर्बिणीतून काळोख तेवढा मोठा दिसला असता. १९२६ च्या मे महिन्यात रुद्रप्रयागच्या बिबट्यावर नेम धरताना त्याला उपयोगी पडली ती बंदुकीला बांधलेली विजेरी, आणि तीही बार उडता उडता विझली. त्यात पावसाळी हवेत नळीच्या आत बाष्प धरत असे. त्याच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तरी उघडाच नेम निवडला असता.

या दोन्ही दोषांवर उपाय निघाले. त्साइसमधल्या अलेक्झांडर स्माकुलाने १९३५ साली परावर्तन रोखणारे पातळ आवरण शोधले. जर्मनीने ते युद्धगुपित म्हणून जपले. बाष्पाचा बंदोबस्त अमेरिकेत झाला: ऑरेगनच्या मार्कस लुपोल्डला शिकारीत धुके धरलेल्या दुर्बिणीमुळे हरीण गमवावे लागले, आणि १९४०च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या कंपनीने नळीत नायट्रोजन भरून ती घट्ट बंद करण्यास सुरुवात केली. एल पासोच्या बिल वीव्हरने स्वस्त दुर्बिणी काढून सामान्य शेतकऱ्याच्या बंदुकीवर त्या बसवल्या होत्याच.

मध्यम शक्तीच्या दुर्बिणीला शास्त्र मिळवून दिले ते जॅक ओकॉनरने. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा गृहस्थ परका वाटू नये. अॅरिझोना विद्यापीठात तो पत्रकारिता शिकवी, त्याच्या दोन कादंबऱ्या प्रसिद्ध आहेत, आणि 'आउटडोअर लाइफ' या मासिकात त्याने अनेक दशके बंदुकांवर लिहिले. डोंगरी मेंढ्यांच्या शिकारीत आयुष्य घालवलेला हा लेखक चार पटींच्या दुर्बिणीचा पुरस्कर्ता होता. कारण साधे आहे. शक्ती वाढली की दृष्टिक्षेत्र आक्रसते: चार पटींना शंभर यार्डांवर सुमारे पंचवीस ते तीस फुटांचा पट्टा दिसतो, नऊ पटींना त्याच्या निम्मा. झुडपातून उठून पळणारे जनावर नऊ पटींत शोधेपर्यंत ते दिसेनासे होते. शिवाय हाताचा कंप आणि छातीचा भाताही तितक्याच पटींनी वाढून दिसतो. आमच्या मते सर्वांत घातक आहे तो खोटा आत्मविश्वास. दुर्बिणीत जनावर जवळ येते, गोळीसाठी ते होते तिथेच असते. ओकॉनरच्या लाडक्या .२७० विंचेस्टरचा नेम दोनशे यार्डांवर बसवला, तर चारशे यार्डांपर्यंत गोळी दीड फुटाहून अधिक खाली उतरते. मोठ्या दिसणाऱ्या हरणाच्या खांद्यावर फुली ठेवून चाप ओढला तर पाय मोडलेले जनावर रानात जाते. चंपावतच्या वाघिणीचा तुटलेला सुळा येथे आठवावा.

युरोपात हिशोब वेगळा झाला, कारण तेथे रानडुकरांची शिकार उंच मचाणावरून, चांदण्यातही करतात. दुर्बिणीच्या पुढच्या भिंगाचा व्यास तिच्या शक्तीने भागला की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशशलाकेची जाडी मिळते. ६×४२ आणि ८×५६ या दोन्ही प्रतींत ती ७ मिलिमीटर येते, आणि तरुण डोळ्याची बाहुली अंधारात साधारण तेवढीच उघडते. उतारवयात ती पाचच्या आसपास थांबते. म्हणजे साठीच्या शिकाऱ्याने ८×५६ चे ओझे वाहिले तरी त्यातला काही प्रकाश बाहुलीबाहेर सांडतो. स्कॉटलंडच्या हरणवाल्यांनी ६×४२ पसंत केली, जर्मनांनी ८×५६. अमेरिकेने मात्र ३-९×४० ही बदलत्या शक्तीची दुर्बीण उचलून धरली. तीनवर शलाका १३ मिलिमीटरची, नऊवर साडेचारची. एकाच नळीत सगळे मिळते खरे, पण सूज्ञ शिकारी ती रानात तीन-चारवर ठेवूनच चालतो आणि निवांत वेळ मिळाला तरच वाढवतो. डोळा भिंगापासून तीन-चार इंच दूर राहील याची खात्री करणे हेही महत्त्वाचे. अन्यथा धक्क्याने भुवई फुटते. ज्यांना दुर्बीण घेताना एवढेच विचारायचे असेल की किती पटींची घ्यावी, त्यांना आमचे उत्तर ओकॉनरचेच आहे. मध्य युरोपातल्या संधिप्रकाशासाठी तेवढे सहावर जावे.

एक तपशील राहिला, आणि तो गॅस्कॉइनकडे नेणारा आहे. केपलरची प्रतिमा उलटी. ती सुलटी करण्यासाठी मधे आणखी भिंगे घालावी लागतात, त्यामुळे नळीत प्रतिमा दोन जागी तयार होते. फुली कोणत्या जागी ठेवायची? युरोपीय परंपरेने पुढची जागा निवडली. तेथे शक्तीबरोबर फुलीही वाढते आणि तिच्यावरून अंतराचा अदमास सर्व शक्तींना सारखाच घेता येतो. अमेरिकनांनी मागची निवडली. तेथे फुली होती तेवढीच बारीक राहते, सावज झाकत नाही. दोन्ही पक्ष आजही हटून भांडतात. मंदप्रकाशात जाड, ठसठशीत फुली हवी आणि दूरवर बारीक, हे त्या भांडणाचे मूळ. साहित्यातल्या निवेदकाला आपण कितपत दिसू द्यावे, या वादाची आठवण काही वाचकांना होईल; आम्ही ती उपमा पुढे ताणत नाही.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे पर्व संपले. कॉर्बेटची पुस्तके मराठीत आवडीने वाचली जातात, आणि दुर्बीण आता अभयारण्यात गळ्यात लटकते. बंदुकीचा नेम उरला तो क्रीडांगणावर, आणि आंतरराष्ट्रीय रायफल स्पर्धांत प्रतिमा मोठी करणारी दुर्बीण बंदुकीवर चालत नाही. २०२४ साली पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर मागे एक बारीक भोक होते, पुढे एक कडे, आणि ५० मीटरवर १०.४ मिलिमीटर व्यासाचा दहाचा ठिपका.