शेक आणि किमो यांची कुळकथा

कॅन्सरच्या पेशंटच्या घरात ‘शेक’ आणि ‘किमो’ हे शब्द एका दमात उच्चारले जातात. शेक म्हणजे रेडिएशन; कुणी त्याला ‘लाईट देणं’ही म्हणतं. रोग एकच, म्हणून हे उपचारही सख्खे भाऊ वाटतात. पण त्यांची कुळं निराळी आहेत आणि दोघांचे गुण नि त्रास कुळातूनच आलेले आहेत.

शेकाचं घराणं किरणांचं. नोव्हेंबर १८९५मध्ये जर्मनीतल्या व्युर्ट्सबर्गला रॉन्टगेन यांना क्ष-किरण सापडले, १८९८मध्ये पॅरिसला क्युरी दांपत्याला रेडियम. १९०१मध्ये शास्त्रज्ञ बेकरेल यांनी रेडियमची नळी खिशात बाळगली आणि खिशामागची कातडी भाजून निघाली. जखम झाली ती तेवढ्याच जागी. आजही किरण जिथे रोखतात तिथेच काम करतात: गाठीतल्या पेशींचा डीएनए तोडतात, वाटेतल्या निरोगी पेशींनाही थोडी झळ लावतात. घशाला शेक दिला तर तोंड येतं, गिळताना दुखतं. डोक्यावरचे केस मात्र जात नाहीत.

मग हा शेक पाच-सहा आठवडे रोज थोडा थोडा का देतात? त्याचं उत्तर पॅरिसच्या क्लोद रगो यांनी मेंढ्यांवर केलेल्या प्रयोगांत आहे. नराचं बीज नष्ट करायला एकच मोठा डोस दिला तर वरची कातडी जळायची. तोच हप्त्याहप्त्यानं दिला तर बीज नष्ट व्हायचं आणि कातडी वाचायची. निरोगी पेशींना मधल्या वेळात डागडुजी करता येते, कॅन्सरच्या पेशींना ती तितकी साधत नाही. म्हणून सोमवार ते शुक्रवारची ती कंटाळवाणी फेरी चुकवायची नसते.

किमोचं घराणं औषधांचं, त्यातही विषाचं. १९४२मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन यांनी युद्धातल्या मस्टर्ड वायूचं भावंड, नायट्रोजन मस्टर्ड, लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) झालेल्या एका रुग्णाच्या शिरेतून दिलं. हा वायू रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटवतो हे पहिल्या महायुद्धापासून ठाऊक होतं. गाठी विरघळल्या, पण काही आठवड्यांत परतल्या. युद्धाच्या गुप्ततेमुळे ही हकिकत १९४६पर्यंत छापलीच गेली नाही.

या कुळाची दुसरी शाखा मात्र थेट आपल्या मुंबईतून जाते आणि मला ती फार मोलाची वाटते. १९२८मध्ये लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांना एक जीवघेणा पंडुरोग होई. त्याचा शोध तिने परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये घेतला. यीस्टच्या अर्कानं, म्हणजे साध्या मार्माइटनं, तो बरा होतो हे तिने दाखवलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे पुढे ओळखलं गेलेलं फॉलिक ॲसिड. नव्या पेशी घडवायला शरीराला ते लागतंच.

बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, झालेल्या मुलांना फॉलिक ॲसिडच्या जातीची औषधं देऊन पाहिली, तर रोग उलट भडकला. म्हणजे कॅन्सरच्या पेशी त्यावर पोसत होत्या. मग त्यांची रसद तोडायची! त्यासाठीचं औषध, ॲमिनोप्टेरिन, तेलुगू शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या चमूकडून आलं. १९४८मध्ये फार्बर यांनी १६ मुलांची हकिकत छापली. त्यांपैकी १० मुलांना तात्पुरता का होईना, पण उतार पडला होता. त्याच वर्षी सुब्बाराव वारले. त्यांचं नाव आपल्याकडे घरोघरी माहीत असायला हवं होतं.

रक्तातून जाणारं औषध अंगभर पोहोचतं, म्हणून ल्युकेमियात किंवा पसरलेल्या रोगात किमोला पर्याय कमी. पण भराभर वाढणारी प्रत्येक पेशी त्याच्या तडाख्यात सापडते: केसांची मुळं, तोंडाचं अस्तर, हाडांतली मज्जा. मज्जेला सावरायला वेळ मिळावा म्हणून बरेचदा दोन सलाईनींत तीन आठवड्यांचं अंतर ठेवतात आणि रक्ताचे ‘काउंट’ पाहूनच पुढची किमो देतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये दोन्ही कुळं एकत्रही येतात. तिथे हलकी किमो शेकाचा असर वाढवते.

तेव्हा शेजारच्या कुणाला किमोनं काय झालं, यावरून आपल्या माणसाच्या शेकाला घाबरू नका. आपल्याला काय देणार, ते का आणि किती दिवस, हे डॉक्टरांना नि:संकोच विचारा. आणि सुरू झालेला उपचार मध्येच सोडू नका.