मिनँडर ते मिलिंद

जुन्या अथेन्समध्ये मिनँडर हे सर्रास आढळणारं नाव होतं. इ.स.पू. ४१३मध्ये सिराक्यूजच्या बंदरात अथेन्सच्या आरमाराची धूळधाण झाली, तेव्हा तिथल्या सेनापतींत एक मिनँडर होता. अलेक्झांडरने ज्याच्यावर लिडिया प्रांताचा कारभार सोपवला, तोही मिनँडरच. मूळ ग्रीक रूप मेनान्द्रोस. त्यातला शेवटचा ‘आन्द्रोस’ पुरुषवाचक, आणि तो अलेक्झांडरच्या नावातही आहे.

या नावाचा डंका वाजवला तो एका नाटककाराने. अथेन्सच्या या मिनँडरने शंभरावर सुखान्त नाटकं लिहिली. हयातीत त्याला पहिलं बक्षीस फक्त आठदा मिळालं, पण मरणानंतर शाळाशाळांतून त्याची वचनं मुलांकडून घोकून घेतली जात. पुढे नाटकांच्या पोथ्याच नाहीशा झाल्या. इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसवरून १९५८मध्ये ‘डिस्कोलोस’ हे तुसड्या म्हाताऱ्याचं नाटक छापलं गेलं, तेव्हा कुठे त्याची एक कृती जवळजवळ पुरती वाचायला मिळाली.

पण नावाचं नशीब खरं उजळलं ते पूर्वेकडे. इ.स.पू. दुसऱ्या शतकात पंजाबात एका मिनँडरचं राज्य होतं. राजधानी सागल, म्हणजे बहुधा आजचं सियालकोट. त्याचं चांदीचं नाणं निरखून पाहावं. एका बाजूला राजाचा मुखवटा आणि भोवती ग्रीक अक्षरं. उलट बाजूला वज्र फेकणारी अथीना देवी आणि खरोष्ठी लिपीत ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’. त्राता महाराज मेनंद्र! परक्या मुलखातून आलेल्या घराण्याने प्रजेच्या भाषेत स्वतःची ओळख करून द्यावी, ही गोष्ट कुठल्याही लढाईपेक्षा मोठी वाटते. ही नाणी पुढेही टिकली. राजाच्या पश्चात दोनेक शतकांनी लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात ती भडोचच्या बाजारात चालत असल्याची नोंद आहे.

पालीत मेनंद्राचा मिलिंद झाला. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात तो भिक्खू नागसेनाला प्रश्नांनी भंडावून सोडतो. नागसेन त्याला उलट विचारतो, महाराज, आपण रथातून आलात, तर रथ म्हणजे नेमकं काय? आस? चाकं? दांडी? यातलं एकही रथ नव्हे, हे राजाला कबूल करावं लागतं, आणि माणसाच्या ‘मी’चीही तीच गत आहे हे त्याला उमगतं. हा राजा छावणीत वारला आणि त्याच्या अस्थींसाठी नगरांत चढाओढ लागली, असं ग्रीक लेखक प्लुटार्क सांगतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५०मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय काढलं. त्याला मिलिंद हे नाव मिळालं आणि परिसराला नागसेनवन. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगाही, त्यामुळे काही घरांत मुलाचं नाव त्या अर्थानेही ठेवलं गेलं असेल. मराठवाड्यातल्या दलित तरुणांच्या कैक पिढ्या मात्र या प्रश्न विचारणाऱ्या राजाच्या नावाच्या महाविद्यालयात शिकल्या.