हास्ययोग आणि स्वमग्न मुले

मुंबईत अंधेरीच्या लोखंडवाला संकुलातील उद्यानात डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी अवघ्या पाच जणांचा पहिला हास्यक्लब सुरू केला. आरंभी तेथे विनोद सांगितले जात. दोनेक आठवड्यांत चांगल्या विनोदांचा साठा संपला आणि विनोदाविना हसण्याची पद्धत रूढ झाली. पुढे तिला योगातील श्वसनाची जोड मिळाली. विनोदांची ही टंचाई स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांच्या पथ्यावरच पडली म्हणायची.

शब्दाचा सरळ अर्थ घेणाऱ्या अनेक स्वमग्न मुलांना श्लेष वा उपरोध उमगत नाही. म्हणून त्यांना हसूच येत नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. अमेरिकेत विल्यम हुडेन्को व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इतर मुले मोकळ्या हास्याबरोबरच फुसकन, स्वराविनाही हसताना आढळली. स्वमग्न मुलांचे हास्य जवळजवळ सर्वच स्वरयुक्त होते. ही मुले समोरच्याला बरे वाटावे म्हणून नव्हे, तर आतून आनंद झाला की हसत असावीत, असा त्याचा अर्थ लावला गेला.

तथापि उद्यानातील सत्र त्यांच्यासाठी जसेच्या तसे उपयोगाचे नाही. अचानक उसळणारे सातमजली हास्य, टाळ्यांचा कडकडाट, नजरेला नजर भिडविण्याची सूचना यांमुळे आवाजाला संवेदनशील मूल कान झाकून पळ काढील. त्यापेक्षा घरीच, ठरलेल्या वेळी, आई-बाबांसोबत पाच मिनिटे 'हो हो, हा हा हा'चा ठेका हलक्या आवाजात धरावा. एकाच लयीची पुनरावृत्ती अनेक स्वमग्न मुलांना आवडते. मुलाने नुसते पाहिले तरी चालेल. हसण्याची सक्ती नको.

याने स्वमग्नता बरी होत नाही. तसा दावा करणाऱ्यांपासून दूरच राहावे. लाभ आहे तो मुख्यतः पालकांना. आईच्या कोरडेपणामुळे मूल स्वमग्न होते, असे १९५० व १९६०च्या दशकांत मानले जाई. तो सिद्धांत केव्हाच मोडीत निघाला, नातेवाइकांचे टोमणे तेवढे उरले. उपचारांच्या वेळापत्रकात दिवस सरणाऱ्या आईला, मुलाला काही शिकवायचे नाही अशी पाच मिनिटे मिळणे ही थोडी गोष्ट नव्हे.

हर्निया किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी हे व्यायाम टाळावेत. स्वमग्न मुलांत अपस्माराचे प्रमाण अधिक असल्याने आधी डॉक्टरांना विचारावे. मूल वारंवार, एकाच तऱ्हेने, अकारण हसत असेल आणि त्या वेळी त्याचे भान हरपत असेल, तर क्वचित तो अपस्माराचा झटकाही असतो. अशा मुलाला मेंदूविकारतज्ज्ञांना विनाविलंब दाखवावे.