मराशचं दफ्तर

शेजारच्या आजींना सगळी गल्ली 'नेने' म्हणते. 1998 साली आम्ही फ्रेझ्नोत राहायला आलो, तेव्हा नवऱ्याने पहिल्याच आठवड्यात सांगितलं की पलीकडच्या घरात नेने राहतात. मी हुरळले. म्हटलं, कॅलिफोर्नियाच्या या रखरखीत खोऱ्यात निदान एक मराठी घर सापडलं. हळदीकुंकवाला बोलवायला म्हणून गेले, तर दारात काळ्या जाड भुवयांच्या, गोऱ्यापान बाई उभ्या. नेने म्हणजे त्यांच्या घरच्या बोलीत आजी. त्या अर्मेनियन. हळदीकुंकवाला मात्र त्या आल्या, आणि जाताना डब्यातून द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात देऊन गेल्या.

मैत्री जुळली ती बेदाण्यावर. मी तासगावची. आमच्याकडे द्राक्षं द्रावणात बुडवून शेडमध्ये जाळीवर सुकवतात, म्हणून बेदाणा हिरवट-सोनेरी राहतो. इथे घड तोडायचे, वेलींच्या दोन ओळींमध्ये जमिनीवर कागद अंथरून त्यावर टाकायचे आणि बाकी सगळं उन्हावर सोपवायचं. दोन-तीन आठवड्यांत काळाभोर माल. जात तीच, थॉमसन. माहेरून आणलेला बेदाणा मी नेनेंना दिला. त्यांनी एक दाणा उजेडात धरला, चघळला आणि निकाल दिला, "छान आहे. पण याने ऊन खाल्लेलं नाही."

या गावात अर्मेनियन आले ते 1881 सालापासून. सेरोपियन बंधू पहिले. पाठोपाठ नातलग, गाववाले. द्राक्षं, अंजिरं, टरबुजं. पण शेतात राबणारा शेजारी म्हणून नको होता. गावातल्या कित्येक वस्त्यांच्या खरेदीखतात अटच असे, की हे घर अर्मेनियन माणसाला विकू नये. त्यांना हिणवायला लोक म्हणत 'फ्रेझ्नो इंडियन'. हे नेनेंनी मला हसत सांगितलं, आणि वर, "तेव्हा खऱ्या इंडियन बाई, आत या."

पुढे मी त्यातलं कायद्याचं वाचलं, तेव्हा हसू आलं नाही. त्या काळी बाहेरून आलेल्या माणसाला अमेरिकेचं नागरिकत्व हवं तर तो 'गोरा' किंवा आफ्रिकन वंशाचा ठरावा लागे. 1923 साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की भारतीय गोरे नव्हेत. दोन वर्षांनी, 1925 साली, ओरेगनमधल्या कार्तोझियान नावाच्या गालिचाविक्याचं नागरिकत्व काढून घ्यायचा सरकारने प्रयत्न केला, तेव्हा फ्रान्झ बोआससारख्या मानववंशशास्त्रज्ञाची साक्ष झाली आणि अर्मेनियन गोरे ठरले. म्हणजे कोर्टात गोरे आणि फ्रेझ्नोच्या खरेदीखतात नाहीत. माणसाचा रंग गावोगाव बदलतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

नेनेंचा जन्म 1935 चा, इथलाच. त्यांची आई मराशची. मराश आज तुर्कस्तानात आहे. आईबद्दल नेनेंना जे ठाऊक होतं ते मोजकं. जन्म 1906. 1915 च्या हकालपट्टीत घरचे सगळे गेले. त्या वर्षी 24 एप्रिलला कॉन्स्टँटिनोपलमधल्या अर्मेनियन विचारवंतांची धरपकड झाली आणि मग गावंच्या गावं सीरियाच्या वाळवंटाकडे हाकलली गेली. बरेच अभ्यासक मृतांचा आकडा पंधरा लाखांपर्यंत नेतात. ही पोर कशी वाचली, हे तिने कधी सांगितलं नाही. सांगायची ती एकच गोष्ट. महायुद्धानंतर मराशमध्ये फ्रेंच फौज होती, तिच्या भरवशावर वाचलेले लोक परतले होते. फेब्रुवारी 1920 मध्ये एका रात्री फ्रेंच गुपचूप निघून गेले. "घोड्यांच्या टापांना चिंध्या बांधल्या होत्या," आई सांगायची. "म्हणून आम्हाला उशिरा कळलं." ज्यांना कळलं ते मागोमाग बर्फातून निघाले, आणि त्यातले कित्येक वाटेतच गोठून गेले. गोष्ट इथे संपायची. मग एकदम, "नंतर मी अलेप्पोला शाळेत होते," आणि 1923 साली एक फोटो पाहून होकार दिलेल्या नवऱ्याकडे, सतराव्या वर्षी, फ्रेझ्नो. आल्या आल्या बेदाण्याच्या पॅकिंग हाऊसमध्ये काम. कहाणीच्या मधलं पानच नाही.

आता नातीकडे येते. ही नेनेंच्या मुलीची मुलगी. फ्रेझ्नोच्या विद्यापीठात व्यवस्थापन शिकत होती. भाषेच्या वर्गाचे काही क्रेडिट तिला हवे होते, आणि आडनाव 'यान'वर संपत असल्यामुळे अर्मेनियन सोपी जाईल, या हिशेबाने तिने तो वर्ग घेतला. वारसा वगैरे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. उलट पहिल्या आठवड्यात ती वैतागून आली, कारण घरी ऐकलेले शब्द होते सगळे मिळून वीसेक, त्यातले बारा खाण्याचे आणि चार रागावण्याचे.

या विद्यापीठात अर्मेनियन अभ्यासाचा खास अभ्यासक्रम आहे. विद्यार्थ्यांचं 'हाय शारझूम' नावाचं वर्तमानपत्र 1979 पासून निघतं. आवारात 1915 च्या बळींचं, 2015 साली उभारलेलं स्मारक आहे, गोलात उभे नऊ खांब. विल्यम सरोयानसारखा लेखक याच गावचा. एवढं सगळं हाताशी असून वर्गातली बहुतेक पोरं अक्षरओळखीपासूनच सुरुवात करतात. म्हणजे आपल्याकडचं ग म भ न.

लिपी मेस्रोप माश्तोत्सची, साधारण 405 सालची. मूळ अक्षरं छत्तीस. दिसायला घोड्याचे नाल, मासे धरायचे गळ आणि कपडे टांगायचे आकडे एका ओळीत मांडावेत तशी. हा समाज भाषांतरकारांना संत मानतो, त्यांचा चर्चमध्ये सण करतो. मला ही गोष्ट फार आवडते. ज्ञानोबांच्या मुलखात वाढलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. नात नेनेंच्या स्वयंपाकघरात बसून अक्षरं गिरवायची. आयप, पेन, किम. आणि नेने तिच्याकडे बघत राहायच्या, कारण त्यांना स्वतःला ती येत नव्हती. आईने त्यांना घातलं इंग्रजी शाळेत. आधी अमेरिकन हो, म्हणाली.

दुसऱ्या सत्रात गृहपाठ आला. घरातल्या वडीलधाऱ्यांची मुलाखत घ्या. ही पद्धत रिचर्ड होव्हान्निसियान यांनी रुजवली. टुलारीचा, म्हणजे फ्रेझ्नोपासून तासाभरावरच्या गावातला हा शेतकऱ्याचा मुलगा लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात इतिहासाचा प्राध्यापक झाला. त्यांनी सत्तरच्या दशकापासून विद्यार्थ्यांच्या हाती टेपरेकॉर्डर देऊन त्यांना 1915 मधून वाचलेल्या म्हाताऱ्यांकडे पाठवलं. पोरं स्वतःच्याच आजी-आजोबांसमोर जाऊन बसली. हजारावर मुलाखती जमल्या. त्या आता नरसंहारातून वाचलेल्यांच्या साक्षी जपणाऱ्या शोआ फाउंडेशनच्या संग्रहात आहेत. नेनेंची आई मात्र कधी कुणाच्या टेपवर आली नाही. पण नात विचारायला बसली तेव्हा नेने उठल्या आणि पलंगाखालच्या पेटीतून एक वही घेऊन आल्या.

वहीला कापडाचं कव्हर, त्यावर लाल दोऱ्याने भरलेली नक्षी. मी ती जवळून पाहिली आणि माझा हात थांबला. एकमेकांत ओवलेला, जाळीसारखा टाका. आपण याला सिंधी टाका म्हणतो. नेने म्हणाल्या, हा मराशचा. मी वाद घातला नाही. आत बारीक, उजवीकडे कललेली अक्षरं. नाल, गळ, आकडे.

"अर्मेनियन आहे," नात म्हणाली. "मला वाचता येईल." तिचा चेहरा असा झाला, जणू परीक्षेत नेमका पाठ केलेला प्रश्न आला. तिने पहिली ओळ अक्षर अक्षर लावत वाचली, दुसरी वाचली आणि थांबली. एकही शब्द कळत नव्हता. वर्गातल्या यरेवानच्या मैत्रिणीला तिने फोटो पाठवला. तिनेही वाचून पाहिलं. तिच्या पूर्वेकडच्या बोलीत काही व्यंजनांचे उच्चार उलटसुलट होतात, द चा त, ब चा प. तिलाही अर्थ लागेना.

उत्तर वर्गातल्या प्राध्यापकांकडून आलं. लिपी अर्मेनियन, भाषा तुर्की. मराश, आइनताब, अदाना या भागातले बरेच अर्मेनियन घरी तुर्कीच बोलत आणि ती आपल्या लिपीत लिहीत. अशी छापील पुस्तकंसुद्धा शेकड्यांनी निघाली. 1851 सालची 'आकाबी' ही तुर्कीतल्या अगदी सुरुवातीच्या कादंबऱ्यांपैकी एक मानतात, आणि ती छापली गेली अर्मेनियन अक्षरांत. नातीला हे पचेना. ज्यांनी मारलं त्यांची भाषा? पणजी मनातलं त्यांच्या भाषेत लिहायची?

"मनातलं नाही," नेने म्हणाल्या. "ती भाषा तिचीच होती. मला कळू नये असं काही असलं की आई-बाबा तीच बोलायचे. म्हणून तर मी शिकले."

मला माझ्या आजोबांचं दफ्तर आठवलं. तासगावच्या माळ्यावर तांबड्या फडक्यात बांधलेलं, सगळं मोडीत. भाषा माझी, अक्षर परकं. मोडीच्या वर्गाला मी दोनदा पैसे भरले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या तासानंतर गेले नाही. इथे उलटं. पोरीला अक्षर येतं, भाषा नाही. आजीला भाषा येते, अक्षर नाही. तेव्हा उपाय सरळ होता. नातीने मोठ्याने वाचायचं, नेनेंनी ऐकायचं. मी चहा करून मधे बसले.

"बू देफ्तेर बेनिमदिर."

"ही वही माझी आहे," नेने म्हणाल्या.

पण त्याआधी मीच दचकले होते. देफ्तेर! दफ्तर. पुढे पाककृती आली, त्यात शेकेर, बादेम. पॅकिंग हाऊसच्या खोक्यांचा हेसाप आला. साखर, बदाम, हिशेब. साखर मूळची आपल्या शर्करेतली, पण बाकीचे फारसी-अरबीतून निघालेले शब्द एकीकडे मराशला उतरले आणि एकीकडे आमच्या पेठेत, आणि आता फ्रेझ्नोच्या ओट्यापाशी ओळख देत होते. नात रुसली. "आँटी, माझ्या पणजीचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतंय."

मग एका पानावर ती अडखळली. "येतिम... येतिमहाने."

यावेळी मी काही बोलले नाही. यतीमखाना. नेने खिडकीबाहेर बघत होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "आम्हाला शाळा सांगितली होती." नातीने विचारलं, म्हणजे काय? नेनेंनी इंग्रजीत एकच शब्द सांगितला, अनाथाश्रम, आणि पेला जरा पुढे सरकवला. मी चहा ओतला.

वहीच्या शेवटी दुमडलेला एक सुटा कागद होता. शाई पुसट. नात हळूहळू लावत गेली, आणि एका शब्दापाशी खुलली. "कार! हा मला येतो. दुसऱ्या धड्यात होता. कार म्हणजे दगड." मग कागद डोळ्याजवळ नेऊन, "फक्त पणजीने स्पेलिंग चुकवलंय. पहिलं अक्षर वेगळं हवं."

"चुकवलेलं नाही," नेने म्हणाल्या. "ते तुझं अर्मेनियन. हे तुर्की. कार म्हणजे बर्फ. सगळी ओळ वाच."

"कार दिझिमे कादार."

"बर्फ माझ्या गुडघ्यापर्यंत."

बोलता बोलता नेनेंनी हात स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला होता. थोडा वेळ तो तिथेच राहिला. तेव्हा आई किती वर्षांची होती, याचा हिशेब त्या मनाशी करत असाव्यात. मग त्यांनी तो हात चार बोटं खाली आणला.