पखाल, छागल आणि सायकलची पिशवी

जूनमध्ये शाळा सुरू होते आणि पाऊसही. सायकलने शाळा गाठणाऱ्या शिक्षकाला स्वतः भिजण्याचं फारसं काही वाटत नाही, अंग पुसता येतं. वह्या पुसता येत नाहीत. त्यात शाईने लिहिलेल्या उर्दूच्या वह्या असतील तर सगळ्यात आधी नुक्ते जातात. 'बे', 'पे', 'ते', 'से' या चार अक्षरांचा सांगाडा एकच. फरक फक्त नुक्त्यांचा. ते पाण्यात गेले की मुलाने काय लिहिलं होतं ते मुलालाही सांगता येत नाही, मग गुण कशाला द्यायचे?

म्हणून कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या, पाणी आत न घेणाऱ्या पिशव्यांची चौकशी मी सुरू केली. इंग्रजीत त्यांना 'पॅनियर' म्हणतात. आपल्याकडे सायकलच्या मोठ्या दुकानात त्या मिळतात, किंमत ऐकून माणूस गप्प होतो, आणि ही चीज गोऱ्या लोकांच्या हौसेची आहे असं समजून परत फिरतो. माझं मत वेगळं आहे. या पिशवीतली निम्मी अक्कल आपल्या गल्लीत शेकडो वर्षं खांद्यावर वाहिली गेली आहे. ती कोणाच्या खांद्यावर होती, हे सांगण्यासाठीच हा लेख.

आधी शब्द पाहू. पॅनियर म्हणजे मुळात पावाची टोपली. लॅटिनमध्ये 'पानिस' म्हणजे पाव-भाकरी. त्यावरून गाढवाच्या-घोड्याच्या पाठीवर दोन्हीकडे लटकवायच्या टोपलीला हे नाव पडलं. त्याच 'पानिस'वरून पोर्तुगीजांचा 'पांव' आला, आणि त्यावरून आपला 'पाव'. गोव्यात सकाळी भोंपू वाजवत येणारा पोदेर सायकलच्या मागे टोपली बांधून, वर प्लास्टिकचा कागद ओढून पाव आणतो. शब्दाच्या मूळ अर्थाला इतकं धरून चालणारा पॅनियरवाला युरोपातही आता क्वचितच सापडेल.

ओझं दोन बाजूंना सारखं वाटायचं ही कल्पना तर फारच जुनी. इराणात आणि मध्य आशियात काफिल्यांच्या जनावरांवर 'खुर्जीन' टाकत: मधे पट्टा, दोन्हीकडे विणलेला कप्पा. उर्दूत तिची 'खुर्जी' झाली. मराठीत खांद्यावर टाकायची पडशी आहे, तीही दोन पोटांची. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोणी लादून धान्य आणि मीठ मुलूखभर हिंडवत, मोगलांच्या फौजांनाही तेच रसद पुरवत. इंग्रजीतला 'गनी' हा शब्द या गोणीवरूनच गेला. दूधवाल्याच्या सायकलला दोन्हीकडे लटकणाऱ्या किटल्या ही याच घराण्यातली शेवटची पिढी.

पण हा सगळा वजनाचा हिशेब झाला. पाण्याचा हिशेब वेगळा आहे, आणि तो मांडला भिश्त्यांनी.

मशक बकऱ्याच्या कातड्याची. कातडं पोटावर उभं चिरून काढलं तर लांबलचक शिवण येते, आणि जिथे शिवण तिथे गळती. म्हणून ते शक्य तेवढं अखंड, अंगरखा उतरवावा तसं काढायचं. बाभळीच्या सालीने कमवायचं. पायांची भोकं आवळून बंद करायची आणि मान हे तोंड ठेवायचं. भरताना मान उघडी, चालताना मान पिळून मुठीत धरलेली किंवा वादीने बांधलेली. सगळी युक्ती दोन गोष्टींत आहे: शिवण कमीत कमी, आणि तोंड नुसतं झाकायचं नाही, दुमडून आवळायचं. पखाल हे तिचं मोठं भावंड, मोठ्या जनावराच्या कातड्याची, रेड्याच्या किंवा बैलाच्या पाठीवर टाकायची. म्हणजे दोन बाजूंना लटकणारी आणि पाणी न गळणारी पिशवी आपल्या रस्त्यांवरून रोज जात होती. फरक एवढाच की तिला पाणी आत ठेवायचं होतं आणि मला बाहेर. पिशवीला त्याने काही फरक पडत नाही.

मशकीने पाणी बाहेरही ठेवलं आहे. १५३९ साली चौसा येथे शेरखानाने हुमायूनचा पराभव केला. पळताना बादशहा गंगेत बुडायच्या बेतात होता. एका भिश्त्याने त्याला हवा भरलेल्या मशकीच्या आधाराने पार नेलं. बदल्यात त्या भिश्त्याला थोडा वेळ सिंहासनावर बसवलं, ही हकिगत हुमायूनची बहीण गुलबदन बेगम हिने आपल्या हुमायूननाम्यात लिहून ठेवली आहे. भिश्त्याने कातड्याची नाणी पाडली हे मात्र लोक सांगतात म्हणून ऐकायचं. शाळेत हा प्रसंग आपण गंमत म्हणून शिकवतो. मला त्यात एक परीक्षा दिसते: मशकीची एक जरी शिवण सुटली असती तर मोगलांचा इतिहास तिथेच वळला असता. मुहर्रमच्या अलमला बांधलेली छोटी मशक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मशकीला पडलेल्या एका भोकाचं मोल वेगळं सांगायला नको.

फारसीतल्या 'बिहिश्ती'वरून भिश्ती, म्हणजे जन्नतवाला. अरबीतून सक्का. मराठीत पखाली. नावं एवढी सुंदर आणि मान मात्र बेताचाच. शहरांत नळ आले आणि या लोकांचं काम हळूहळू संपलं. काहींच्या आडनावात ते राहिलं, आणि एक म्हण राहिली: आजार रेड्याला आणि औषध पखालीला. ज्यांनी पाणी थोपवणारी शिवण कशी असावी हे पिढ्यान् पिढ्या हाताने जाणलं, त्यांच्या ज्ञानाला कोणी तंत्रज्ञान म्हटलं नाही. एकाही पेटंटवर त्यांचं नाव नाही.

पेटंटं दुसरीकडे निघत होती. १८२३ मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने डांबरापासून मिळणाऱ्या नॅफ्थात रबर विरघळवून ते दोन कापडांच्या मधे थापलं आणि पेटंट घेतलं. रबराने कापड जलरोधक करण्याची रीत दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना कितीतरी आधीपासून ठाऊक होती, त्यांचंही नाव पेटंटवर नाही. मॅकिंटॉशचं कापड उन्हात चिकट व्हायचं, थंडीत कडक, आणि वास असा की शेजारी बसवेना. त्यात शिंपी शिवताना सुईने भोकं पाडत आणि नेमकं तिथूनच पाणी झिरपे. पुन्हा शिवणच! उन्हाथंडीचा प्रश्न सुटला तो रबर गंधकासोबत तापवण्याच्या रीतीने. इंग्लंडमध्ये हॅनकॉकचं पेटंट १८४३ मधे निघालं, अमेरिकेत गुडइयरचं १८४४ मधे. शिवणीचा प्रश्न तसाच राहिला.

तिसरा एक मार्ग आहे आणि तो मला सगळ्यात आवडतो. जुन्या पिढीला कॅनव्हासची छागल आठवत असेल, जीपच्या पुढे किंवा रेल्वेच्या खिडकीला लटकवलेली. संस्कृतात छाग म्हणजे बोकड. कातडं गेलं, कापड आलं, नाव बकऱ्याचंच राहिलं. छागलीवर कसलाही थर नसतो. सुती धागा भिजला की फुगतो आणि विणीतली भोकं स्वतःच बुजवतो. थोडं पाणी पाझरतं, त्याची वाफ होते आणि आतलं पाणी गार राहतं. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या नेल्सन गावी विल्फ कॅरॅडिस यांनी १९३० च्या दशकात सायकलच्या पिशव्या शिवायला सुरुवात केली, त्या याच तत्त्वावर, जाड सुती डक कापडाच्या. ती कंपनी अजून तशा पिशव्या करते. लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानच्या विणकरांचं काय केलं हे मालेगाव-भिवंडीच्या मोमिन घरांना पुस्तकातून शिकायची गरज नाही. तरीही कापड चांगलं आहे, हे कापडाबद्दल म्हटलंच पाहिजे.

आजच्या पिशवीची गोष्ट त्यामानाने ताजी आहे. हार्टमुट ऑर्टलीब हा जर्मन तरुण इंग्लंडच्या पावसात सायकलने हिंडत होता. त्याचं सामान भिजलं. शेजारून जाणाऱ्या ट्रकांचा माल मात्र ताडपत्रीखाली कोरडा होता. त्याने त्या ताडपत्रीची पिशवी केली आणि १९८२ मध्ये कंपनी काढली. आज अशा पिशव्यांचे जोड सुईने शिवत नाहीत, उष्णतेने एकजीव करतात. तोंडाला चेन नसते. दोन्ही कडा जुळवून तीन-चार वेळा गुंडाळायच्या आणि बकलाने आवळायच्या. शिवण नको आणि तोंड दुमडून बांधा. भिश्ती काय वेगळं करत होता?

आता घ्यायची कोणती? मी शाळेचं दप्तर आणि बाजार या दोन कामांचा विचार करून सांगतो.

शिवलेली पिशवी आणि सोबत पावसाचं कव्हर हा स्वस्त पर्याय असतो. मी घेणार नाही. कव्हर बाहेरच्या बाजूला बसतं, चाकाकडची बाजू उघडी राहते आणि आपल्या रस्त्यांवर निम्मं पाणी आभाळातून नव्हे तर चाकावरून येतं. त्यामुळे मडगार्ड नसलेल्या सायकलला कुठलीही पिशवी लावली तरी चिखलाचा मारा तिलाच. पिशवी घेताना ती उलटी करून आतला जोड पाहावा. दोऱ्याचे टाके दिसले तर त्यावर पट्टी चिकटवली आहे का ते बघावं. पट्टी नसेल तर 'वॉटरप्रूफ' हा शब्द दुकानदाराला परत द्यावा. पीव्हीसीचा थर दिलेलं कापड जड आणि ताठ असतं, पण घासाघाशीला टिकतं. टीपीयू थराचं नायलॉन हलकं आणि महाग. आयपी ६४ लिहिलेलं असेल तर शेवटचा ४ म्हणजे चहूबाजूंच्या शिंतोड्यांना हरकत नाही. तिथे ७ असेल तर वस्तू ठराविक वेळ पाण्यात बुडवूनही टिकते. शाळेच्या वाटेवर ४ पुरतो, नाला पोहून जायचा नसेल तर.

खरी अडचण हुकांची. परदेशी पिशव्यांचे हुक साधारण ८ ते १६ मिलिमीटर जाडीच्या गोल नळीसाठी असतात आणि आपल्या काळ्या सायकलींचं कॅरिअर बहुतेक वेळा लोखंडी पट्टीचं. सायकल सोबत नेऊन लावूनच पाहावी. जुन्या सायकलीचं मागचं चाक लांब असल्याने टाच पिशवीला लागत नाही, ही तिची एक जमेची बाजू. आखूड बांध्याच्या गिअरच्या सायकलवर टाच आपटते, म्हणून पिशवी मागे सरकवता येते का ते तपासावं.

दोन पिशव्या मिळून साधारण ४० लिटर जागा होते. एकीत वह्या, दुसरीत बाजार. कोथिंबीर, मेथी मात्र अशा बंद पिशवीत तासभरात घामेजते. तिच्यासाठी हँडलला कापडी पिशवीच बरी. भिजलेली छत्री किंवा रेनकोट वह्यांच्या पिशवीत कधीही टाकू नये. बाहेरचं पाणी आत न येऊ देणारी पिशवी आतलं बाहेरही जाऊ देत नाही. तिची पखाल होते.

आणि किंमत परवडत नसेल तर? ट्रकच्या ताडपत्र्या करणाऱ्या दुकानात जावं. तिथे गरम हवेने ताडपत्री जोडायचं यंत्र असतं. सायकलचं माप घेऊन, पाठीला प्लायवूडची फळी घालून, पट्टीच्या कॅरिअरला बसतील असे हुक लोहाराकडून करून घेतले की काम होतं. कारागिराला दोनच गोष्टी बजावायच्या: सुई लावायची नाही, आणि तोंडाला गुंडाळायला वीतभर जादा कापड ठेवायचं. तोंड किती मोठं असं तो विचारेल. हजेरीचं रजिस्टर आडवं जाईल एवढं.