प्राणिप्लवक : तापीमुखावरील ऋतुचक्र

समुद्राच्या पाण्यात प्रवाहाबरोबर वाहत जाणाऱ्या, बहुधा सूक्ष्म अशा प्राण्यांना प्राणिप्लवक म्हणतात. कोपेपॉड हे इवलेसे कवचधारी जीव, बाणकृमी, तसेच कोळंबी, खेकडे व मासे यांची डिंभावस्थेतील पिल्ले यांचा त्यांत समावेश होतो. वनस्पतिप्लवकांवर प्राणिप्लवक पोसले जातात, प्राणिप्लवकांवर जवळा जगतो आणि जवळ्यावर बोंबील. किनाऱ्यावरील मासेमारीचा पाया असा दृष्टीआड असतो.

उष्ण कटिबंधात पाण्याचे तापमान वर्षभरात फारसे बदलत नाही. पालटते ती क्षारता. मध्य प्रदेशात मुलताई येथे उगम पावून खानदेशमार्गे ७२४ किलोमीटरचा प्रवास करणारी तापी सुरतच्या पश्चिमेस डुमसजवळ समुद्राला मिळते. पावसाळ्यात पुराचे गोडे पाणी खाऱ्या पाण्याला मागे रेटते. खुल्या समुद्रात दर हजार भागांत सुमारे ३५ असणारे क्षारांचे प्रमाण मुखाशी झपाट्याने घटते. सागरी जाती बाहेर लोटल्या जातात किंवा मरतात. क्षारतेतील चढउतार सोसणाऱ्या मोजक्या जाती टिकतात. पाऊस ओसरल्यावर क्षारता पूर्ववत होऊ लागते, नदीने आणलेल्या पोषकद्रव्यांवर वनस्पतिप्लवक वाढतात व प्राणिप्लवकांची संख्या सावरते. उन्हाळ्यात सागरी जाती खाडीत आतवर शिरतात.

गोव्यातील मांडवी-झुवारीच्या मुखांशीही पावसाळा असाच उलथापालथ घडवतो. मात्र सुरतनजीकच्या खंबातच्या आखातात भरती-ओहोटीचा जोर विलक्षण असल्याने गाळ सतत ढवळला जातो. गढूळ पाण्यात प्रकाश खोल पोहोचत नाही. त्यामुळे वनस्पतिप्लवकांची वाढ मर्यादित राहते.

१९७२ मध्ये पूर्ण झालेल्या उकाई धरणामुळे तापीचा प्रवाह केवळ पावसावर अवलंबून राहिलेला नाही. ऑगस्ट २००६ मध्ये धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरत शहर जलमय झाले होते. असा विसर्ग मुखाची क्षारताही बदलून टाकतो.

हजिऱ्याच्या बंदर व उद्योगपट्ट्यालगत पाण्याचे आरोग्य तपासताना याचे भान आवश्यक ठरते. पावसाळ्यात जाळीत प्राणिप्लवक कमी आढळले, तर तो प्रदूषणाचाच परिणाम असेल असे नाही. आणि उन्हाळ्यातील समृद्ध नमुना पाणी निर्दोष असल्याची हमी देत नाही. ऋतू, भरतीची वेळ व नदीचा विसर्ग यांची नोंद असलेले, वर्षानुवर्षे घेतलेले नमुनेच निसर्गनियमित घट आणि मानवनिर्मित हानी यांतील भेद दाखवू शकतात.