नोट्सएसक्यूएल ड्रायव्हरची कुळकथा

मी राहतो त्या चेणे गावाच्या एका अंगाला राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधून घोडबंदर रस्ता. त्या रस्त्याच्या ट्रॅफिकमुळे मी जमेल तेव्हा घरूनच काम करतो. जुन्या लोटस नोट्समधला डेटा एक्सेलमध्ये किंवा एसक्यूएल सर्व्हरवर काढून द्यायचा, हे माझं काम. रजेचे अर्ज, खरेदीच्या मंजुऱ्या, ग्राहकांच्या तक्रारी असं सगळं अनेक ऑफिसांनी वर्षानुवर्षं मेलच्याच सॉफ्टवेअरमध्ये साठवलं. ते बाहेर काढणारा ओडीबीसी ड्रायव्हर म्हणजे नोट्सएसक्यूएल. तो कनेक्ट झाला नाही की लोक अनइन्स्टॉल करून पुन्हा इन्स्टॉल करत बसतात. त्यापेक्षा त्याचं कूळ बघावं. दोष तिथेच सापडतो, हा माझा अनुभव आहे.

नोट्सचं कूळ अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातलं. तिथल्या प्लेटो या संगणक प्रणालीवर 1973 साली डेव्हिड वूली या सतरा वर्षांच्या मुलाने ‘नोट्स’ हा प्रोग्रॅम लिहिला, आणि तोही प्रणालीतले बिघाड कळवण्यासाठी! एकाने तक्रार लिहायची, बाकीच्यांनी तिच्याखाली उत्तरं द्यायची. याच विद्यापीठात शिकलेल्या रे ऑझीने 1984 मध्ये लोटस कंपनीच्या पैशावर आयरिस असोसिएट्स ही कंपनी काढली आणि 1989 मध्ये लोटस नोट्स बाजारात आलं. त्याच्या गाभ्याशी संवाद आहे, तक्ता नाही. एका डॉक्युमेंटमध्ये तीन फील्ड असतील, शेजारच्यात तेरा, आणि एकाच फील्डमध्ये पाच नावंही मावतील.

ओडीबीसी मात्र पक्क्या रकान्यांच्या घरातलं. एडगर कॉडचा 1970 चा शोधनिबंध हा त्याचा मूळपुरुष. पुढे प्रत्येक कंपनीचा डेटाबेस वेगळा, त्याच्याशी बोलायची पद्धतही वेगळी, म्हणून एक समाईक पद्धत ठरवायचे प्रयत्न सुरू झाले आणि 1992 मध्ये मायक्रोसॉफ्टचं ओडीबीसी आलं. सुरुवातीच्या त्या चर्चांत लोटसची माणसंही होती. त्यांना 1-2-3 या स्प्रेडशीटमध्ये बाहेरचा डेटा आणायचा होता.

नोट्सएसक्यूएल ही या दोन घराण्यांची सोयरीक. नोट्समधले फॉर्म आणि व्ह्यू तो टेबल म्हणून दाखवतो. टेबलला रकान्याची रुंदी लागते, नोट्सला ती कधी लागलीच नाही. म्हणून लांबलचक शेरा अर्ध्यात कापला गेला, तर ड्रायव्हरच्या सेटअपमधली टेक्स्ट फील्डची कमाल लांबी आधी बघावी. ओडीबीसीला यूजरनेम-पासवर्ड पुरतो, नोट्स आयडी फाइल आणि तिचा पासवर्ड मागतं. रात्रीचा जॉब सकाळी अडकलेला दिसतो तो बहुधा यामुळेच. रिकाम्या ऑफिसात पासवर्डची खिडकी उघडी पडून राहते.

‘सिस्टिम एरर 126’ आला तर ड्रायव्हरवर राग काढू नका. हा ड्रायव्हर एकट्याने चालत नाही, त्याला नोट्स क्लायंटची एननोट्स डीएलएल लागते आणि तिचा फोल्डर विंडोजच्या पाथमध्ये असावा लागतो.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी भानगड 32 आणि 64 बिटची. आयएम014 हा कोड म्हणजे ड्रायव्हर 32 बिटचा आणि प्रोग्रॅम 64 बिटचा, किंवा उलट. 64 बिटच्या विंडोजमध्ये 32 बिटचा ओडीबीसी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर सिसवॉव64 या फोल्डरमध्ये आणि 64 बिटचा सिस्टिम32 मध्ये असतो, आणि दोन्हीकडे फाइलचं नाव ओडीबीसीएडी32 च! जुन्या प्रोग्रॅममध्ये सिस्टिम32 हे नाव जागोजागी पक्कं लिहिलेलं होतं, ते मोडू नये म्हणून ही उलटापालट ठेवली. डीएसएन, म्हणजे जोडणीची नाव देऊन ठेवलेली नोंद, केला एकीकडे आणि एक्सेल शोधतंय दुसरीकडे, अशी गत होते; मग आयएम002 येतो, डीएसएन सापडला नाही म्हणून.

लोटस 1995 मध्ये आयबीएमने विकत घेतली. 2019 मध्ये नोट्स आपल्याकडच्या एचसीएलकडे आलं आणि अजून चालू आहे. त्यामुळे मला फोनही येत राहतात, आणि फोन आला की मी आधी दोनच गोष्टी विचारतो: तुमचं एक्सेल किती बिटचं, आणि डीएसएन कुठल्या फोल्डरमधून केला?